डावा खांदा अर्धा इंच खाली

राखाडी कोट परत आला तेव्हा टाचणी एका पँटची शिवण उसवत बसली होती. दाराची घंटी वाजली. एक उंच माणूस आत आला, कुणाशी काही न बोलता त्याने कोट अंगात घातला आणि तो आरशासमोर जाऊन उभा राहिला. टाचणीने सहज मान वर केली आणि तिच्या हातातली कात्री तशीच राहिली. आरशासमोर तिची आई उभी होती.

म्हणजे, उभा तो माणूसच होता. सहा फुटांचा, टक्कल पडलेला, बुटांना चिखल लागलेला. पण पाठीवरून तो कोट डावीकडे किंचित कलला होता, त्या खांद्यावर कुणीतरी हळूच हात टेकला असावा तसा. तशी पाठ एकाच बाईची होती आणि ती बाई जाऊन चार महिने होत आले होते.

मास्तर टेप घेऊन आला. मास्तर म्हणजे दुकानाचा मालक. त्याच्या खऱ्या नावाला जीभ तीनदा वळवावी लागे, म्हणून दुकानातल्या दोन मराठी बायकांनी आपसात त्याचा मास्तर करून टाकला होता. त्याने दोन्ही खांदे मोजले. डावा सव्वा सेंटिमीटर खाली होता. सव्वा सेंटिमीटर म्हणजे अर्धा इंच. टाचणीला ते गणित करावं लागलं नाही.

गिऱ्हाईक कोट टाकून निघून गेल्यावर मास्तर बराच वेळ बोलला. हात उडवले, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट आपटलं आणि शेवटी इस्त्रीच्या टेबलाकडे बघत थांबला. तिथे इस्त्रीताई होती. तिने वाफेची इस्त्री उभी करून ठेवली आणि भाषांतर केलं, "खांदा नीट बघत जा म्हणतोय."

"एवढंच? पाच मिनिटं बोलत होता तो."

"बाकीचं मी गाळलं."

"ताई, सगळं सांगा ना."

इस्त्रीताईने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "हा दुसरा म्हणतोय. तिसरा परत आला तर महिनाअखेरीला कागद देणार नाही."

तो कागद म्हणजे सगळं होतं. तीन महिने काम बघून मास्तर सही करणार, त्या सहीवर पुढची दोन वर्षं इथे राहायची परवानगी मिळणार. सही नाही तर सामान बांधायचं. आणि बांधून जायचं कुठे? आईचं घर दादाने भाडेकरूला दिलं होतं. आईचं शिलाई मशीन बायकांच्या शिवणवर्गाला. फोनवर तो म्हणाला होता, "तू तर चाललीस, मी काय पूजा करू का मशीनची?" त्याचंही खरंच होतं.

टाचणी हे नाव आईनेच ठेवलेलं. लहानपणापासून किडकिडीत, आणि बोलायला लागली तीच टोचून. आई गल्लीभरच्या बायकांचे ब्लाउज शिवायची. स्वतःचा मात्र तिला शिवता यायचा नाही, कारण स्वतःच्या पाठीचं माप घेणार कोण? ते काम टाचणी चौदाव्या वर्षापासून करत आली. आईचा डावा खांदा अर्धा इंच खाली होता. लहानपणी माळ्यावरून पडली, हाड वाकडं जुळलं. टाचणी त्या बाजूचा खांदा उतरता कापून आतून अस्तराच्या दोन घड्या घालायची, गळ्याची पट्टी एका बाजूने जराशी चढवायची, आणि ब्लाउज अंगात गेला की आई सरळ दिसायची. बावीस वर्षं गल्लीत कुणाला कळलं नाही. "आपल्या दोघींतलं आहे हं," आई म्हणायची, आणि आरशात स्वतःकडे असं बघायची की जणू कुणाला तरी फसवून आलीये.

आता तोच खांदा परक्या माणसांच्या कपड्यांत येत होता. टाचणी तीन तीनदा मोजत होती. खडूच्या खुणा बरोबर, टाचण्या बरोबर, टीप सरळ. तरी डावी बाजू खाली. मग हे करत कोण होतं?

दुकानात तिच्यानंतर कपड्याला हात लावणारी एकच बाई होती.

तिच्या मनात असं येणं म्हणजे कृतघ्नपणाची कमाल होती, हे तिलाही कळत होतं. दोन महिन्यांपूर्वी ती या शहरात उतरली तेव्हा तिला इथल्या भाषेत धड 'पाणी' म्हणता येत नव्हतं. इस्त्रीताई तिची कुणी नव्हती. लांबची नात्यातली नाही, गावची नाही. पहिल्या दिवशी टाचणी तिला बाई म्हणाली तर ती फिस्कन हसली. "बाई काय, शाळेत आहेस का? आणि मावशी तर मुळीच म्हणू नकोस. मावशी म्हटलं की लोक कामं सांगतात. ताई म्हण, जरा लांबून." आणि मग लांबून म्हणता म्हणता तिनेच खोली शोधून दिली, खिडकीची अडकणारी कडी कशी उचलून बंद करायची ते दाखवलं, कचेरीत शेजारी बसून सगळे अर्ज भरले. सगळ्यात विशेष म्हणजे ती मोजे इस्त्री करून द्यायची. दुकान बंद व्हायच्या आधी टाचणीचे मोजे टेबलावर ठेवून त्यांच्यावरून वाफ फिरवायची आणि गरमागरम हातात द्यायची. "घाल लवकर. कोपऱ्यावरच्या घड्याळापर्यंत पुरतील." खरंच, चौकातल्या घड्याळापर्यंत पाय उबदार राहायचे. तिथून खोली चार पावलांवर होती.

तरीही दुसऱ्या दिवशी टाचणी बोललीच. तोंड दुसरीकडे करून, दोरा ओवता ओवता, "तुमच्या इस्त्रीत कापड ओढलं जातं का हो ताई?"

इस्त्रीताईचा हात क्षणभर थांबला. "असेल," ती म्हणाली. वाफेचा फुसकारा आला आणि तिचं तोंड दिसेनासं झालं.

त्या संध्याकाळीही मोजे मिळाले. गरमच होते. टाचणीला ते घालवेनात. हातात धरून ती तशीच घरी गेली.

चार दिवसांनी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती खोलीवर विसरलेला चष्मा आणायला निघाली आणि अर्ध्या वाटेत आठवलं की तो पिशवीतच आहे. ती परत फिरली. मास्तर बाहेर गेला होता. मागच्या दाराने आत आली तर इस्त्रीताई दाराकडे पाठ करून स्टुलावर बसलेली, मांडीवर सकाळी टाचणीनेच शिवलेला निळा शर्ट, आणि हातात उसवणी. डाव्या खांद्याची टीप ती एकेक टाका करून उसवत होती.

टाचणीच्या डोक्यात सणक गेली. "वा! म्हणजे माझं बरोबर होतं तर. माझ्या पोटावर कशाला उठलात तुम्ही? माझ्या जागी कुणाला आणायचं आहे का?"

इस्त्रीताईने वर पाहिलं. घाबरली नाही की ओशाळली नाही. तोंडातला दोरा काढून तिने टेबलावर ठेवला.

"टेप आहे का गळ्यात?"

"विषय बदलू नका."

"त्या ढिगातला वरचा घे. त्याला मी अजून हात लावलेला नाही. मोज."

टाचणीने वरचं जाकीट ओढलं. मोजलं. मग खालचा झगा. मग त्याच्या खालचा शर्ट. तिन्हीत डावा खांदा अर्धा इंच खाली. तिने शर्ट पुन्हा मोजला, टेप उलटा धरून मोजला. टेप तेच सांगत होता.

"पहिल्या आठवड्यापासून चालू आहे," इस्त्रीताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच टाचणीला झेपेना. "लोकर असली तर वाफेवर बसवून सरळ करता येते. सुती असेल तर उसवून हाताने घालते. तू जेवायला गेलीस की करते. जे दोन परत आले ना, ते दोन्ही बुधवारी संध्याकाळचे. गुरुवारी माझी सुट्टी, मास्तर स्वतः इस्त्री मारतो. त्याला काय कळणार तेव्हा?"

"आणि मी विचारलं तेव्हा गप्प का बसलात?"

"काय सांगू? तुझे हात बिघडलेत म्हणून? आधीच घाबरलेली होतीस. अजून घाबरली असतीस तर दोन्ही खांदे खाली आले असते."

टाचणी मटकन बसली. तिला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच मोडलं. आपल्याच हातांकडे ती बघत राहिली. हे हात कधीपासून आपल्याला न विचारता काम करायला लागले?

"कुणाचा आहे गं तो खांदा?" इस्त्रीताईने विचारलं.

त्या खोलीत गरम लोकरीचा ओलसर वास भरून राहिला होता. भिंतीशी कपड्यांची रांग लटकत होती, सगळ्यांच्या पाठी या दोघींकडे.

"आईचा," टाचणी म्हणाली.

रविवारी सकाळी इस्त्रीताई खोलीवर आली. खाटेच्या कडेला बसली, खिडकीची कडी एकदा उचलून खात्री करून घेतली आणि म्हणाली, "दाखव."

"काय?"

"काहीतरी आणलं असशीलच. शिवणाऱ्या बाईची मुलगी काही न घेता निघत नाही."

टाचणीने ट्रंकेच्या तळातून एक गाठोडं काढलं. त्यात आईचा मापाचा जुना ब्लाउज होता, आणि त्याच्याबरोबर जांभळ्या कापडाचे कापलेले तुकडे. पाठ, दोन पुढच्या बाजू, दोन बाह्या, गळ्याची पट्टी. सगळे टाचण्यांनी एकत्र अडकवलेले. काही टाचण्यांना गंज धरायला लागला होता.

"हा शिवलाच नाहीस."

"नाही."

मग टाचणीने सांगितलं. सरळ, अक्षर न वाढवता. आईने कापड स्वतः आणलं होतं. टाचणीने त्याच दिवशी कापलं. मग इकडच्या कागदपत्रांची धावपळ सुरू झाली, फोटो, शिक्के, रांगा. आई दर दोन दिवसांनी विचारायची, माझा ब्लाउज? ही म्हणायची, झालाच, टिपाच मारायच्यात. कापलेलं कापड ताटकळत ठेवलेलं आईला चालत नसे. गिऱ्हाइकांचं तिने कधी ठेवलं नव्हतं. मग आई दवाखान्यात गेली. शेवटच्या संध्याकाळी तिने पुन्हा विचारलं. आवाज नव्हताच, ओठच हलले.

"मी म्हटलं, झालाय आई, घरी आहे."



"ती म्हणाली, मग आणला का नाहीस? मी म्हटलं उद्या आणते." टाचणीने एक गंजकी टाचणी काढून पुन्हा होती तिथेच खोचली. "तिच्या अंगात शेवटी दवाखान्याचा सदरा होता, ताई. दोन्ही खांदे सारखे शिवलेला. एका बाजूने घसरत होता. सगळे आलेले, गल्लीतल्या बायका, सगळ्यांना दिसला तिचा खांदा."

खालच्या रस्त्यावरून कुणीतरी चाकाची बॅग ओढत नेत होतं. तो आवाज लांब जाईपर्यंत दोघी बसून होत्या.

"ऊठ," इस्त्रीताई म्हणाली. "मास्तरकडून किल्ली आणलीये मी. मशीन मोकळंच आहे."

"आता शिवून काय उपयोग? घालणार कोण?"

"उपयोगाचं नंतर बघू. जिचं काम राहिलंय तिचं आधी. तू त्या बाईला टकल्या पुरुषांच्या कोटात कोंबतेयस, तिला काय बरं वाटत असेल? गिऱ्हाईक असती तर भांडायला आली असती."

"आलीच आहे," टाचणी म्हणाली, आणि तिच्या अंगावर काटा आला.

बंद दुकान दिवसाउजेडीही वेगळं वाटत होतं. अर्धी झडप उघडल्यामुळे प्रकाश फक्त गुडघ्यापर्यंत पोचत होता. टाचणीने मशीनवर जांभळा दोरा चढवला.  हातांना इतकी घाई होती की तिलाच त्यांना आवरावं लागलं. पुढच्या बाजू जुळल्या, पाठ लागली. डाव्या खांद्याशी आल्यावर तिने टेप उचललाही नाही. अस्तराच्या दोन घड्या आत सरकवल्या, पट्टी चढवली आणि टीप मारली. मशीनच्या आवाजाखाली तिला मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटत राहिलं. काम चालू असताना आई अशीच मागे येऊन उभी राहायची, न बोलता, फक्त श्वास ऐकू यायचा. टाचणीने वळून पाहिलं नाही. इस्त्रीताई तर समोर बसून हुक लावत होती.

"वरच्या हुकाला दोरा दुहेरी घ्या," टाचणी म्हणाली. "आईचा वरचा हुक नेहमी निघतो."

निघतो. निघायचा नव्हे. दोघींनाही ते ऐकू आलं आणि दोघींनीही ते जाऊ दिलं.

ब्लाउज तयार झाल्यावर इस्त्रीताईने त्याला वाफ दिली. खांद्यापाशी तिचा हात सवयीने डावीकडे ओढला जाऊ लागला, तो तिने स्वतःच थांबवला. "नाही, याला नाही," ती पुटपुटली. मग कोपऱ्यातला कापडी पुतळा ओढून तिने तो ब्लाउज त्याला चढवला, सगळे हुक लावले. पुतळ्याला ना मान ना हात. तरी ब्लाउजाने त्याचा डावा खांदा खाली ओढला, आणि अंधुक उजेडात ती पाठ खिडकीशी येऊन थांबल्यासारखी दिसली.

टाचणी बराच वेळ दारात उभी होती. "झालाय, आई," एवढंच म्हणाली. या वेळी ते खरं होतं.

"राहू दे आजच्या दिवस तिथेच," इस्त्रीताई म्हणाली. "नवं कापड आहे, बसू दे अंगावर."

दोघींच्या लक्षात राहिलं नाही ते एकच. सोमवारी मास्तर सगळ्यांच्या आधी येतो.

सकाळी त्या आत शिरल्या तेव्हा तो पुतळ्यासमोर उभा होता. गळ्यात टेप, कपाळाला आठ्या. त्याने डावा खांदा मोजला, उजवा मोजला, आणि टाचणीकडे वळून पाहिलं. तिचे पाय गार पडले. तिसरा. गिऱ्हाइकाने आणायचीही गरज पडली नाही, आपणच दुकानाच्या मधोमध मांडून ठेवला.

मग मास्तरने वरचे दोन हुक काढले आणि आतून बोटं फिरवली. घड्यांशी त्याची बोटं थांबली. पट्टीशी थांबली. पुन्हा घड्यांशी गेली. तो हळू आवाजात काहीतरी म्हणाला. अगदी थोडं.

"विचारतोय, ही बाई कोण," इस्त्रीताई म्हणाली. "म्हणतो, जिच्यासाठी शिवलाय तिच्या अंगावर हा सरळ बसेल. असं काम त्याने त्याच्या वडिलांच्या हातचं पाहिलं होतं, त्यानंतर नाही."

टाचणी पुतळ्याजवळ गेली. "काही गाळलं का?"

"आज काही नाही गाळलं."

"सांगा त्याला, माझी आई."

इस्त्रीताईने सांगितलं. मास्तरने दोन्ही हुक पुन्हा लावले. वरचा लावताना दुहेरी दोऱ्यावरून त्याने अंगठा फिरवला. मग तो आत गेला आणि परत आलेला तो राखाडी कोट आणून त्याने टाचणीच्या टेबलावर ठेवला. याला काही भाषांतर लागलं नाही.

दुपारपर्यंत तिने कोटाचे खांदे उसवून नव्याने बसवले. टेप लावला. डावा आणि उजवा सारखे. पुन्हा लावला. सारखे. ढिगातला शनिवारचा एक शर्ट घेऊन तो पुरा केला. सारखे. तिने मुद्दाम डोळे मिटून, निव्वळ हाताच्या भरवशावर एका टाकाऊ कापडाला खांदा घातला. तोही सरळ आला, एखाद्या अनोळखी माणसासारखा.

कागद मिळणार होता. हे तिला कळत होतं, आणि कळूनही ती कपडे बदलायच्या खोलीत जाऊन पडदा ओढून बसली. तिथे तीन बाजूंनी आरसे होते. तिन्हींत तीच होती.

संध्याकाळी भिंतीशी लटकलेल्या रांगेच्या कडेने ती चालत गेली. एकेका कपड्याच्या डाव्या खांद्याला हात लावत. शेवटपर्यंत जाऊन परत आली.

"काय शोधतेस?" इस्त्रीताईने विचारलं.

"एखाद्यात राहिला असेल म्हटलं."

इस्त्रीताईने मोज्यांवरून वाफ फिरवली. मग म्हणाली, "या रांगेत नाही. पण एक आहे. तुझ्या पहिल्या आठवड्यातला तपकिरी कोट आठवतो? ती काठीवाली म्हातारी."

"तिचा? तो तर परत आला नाही."

"कसा येईल? माप द्यायला आली तेव्हाच मी बघितलं होतं, बाईच मुळात डावीकडे कललेली. म्हणून तो मी सरळ केला नाही. आली, घातला, आरशात बघितलं. दोनदा बघितलं. आणि गालातल्या गालात अशी हसली, की जणू..."

"कुणाला तरी फसवून आलीये," टाचणी म्हणाली.

"तस्संच." इस्त्रीताईने मोजे तिच्या हातात ठेवले. "घाल लवकर."

हे खरंच घडलं होतं की इस्त्रीताईने आपल्या पद्धतीने काही गाळून, काही घालून सांगितलं होतं, ते टाचणीने विचारलं नाही. मोजे घातले, बूट चढवले आणि ती बाहेर पडली. रस्त्यावर अजून उजेड होता. माणसं कामावरून परतत होती, सगळी तिच्या पुढे, सगळी पाठमोरी. काळे कोट, निळे कोट. चौकातल्या घड्याळापाशी पोचेपर्यंत तिचे पाय उबदार होते.

घड्याळाच्या पलीकडे गर्दीत एक तपकिरी कोट चालला होता. सावकाश, काठी टेकत, डावीकडे किंचित कललेला. टाचणीने पावलं उचलली, मग आवरती घेतली. पुढे जाऊन तोंड पाहिलं असतं तर ते कुणातरी दुसऱ्याचंच निघालं असतं. खोलीचं वळण मागे राहिलं तरी ती चालत होती, तेवढंच अंतर राखून, त्या पाठीमागून.